न जेवणाऱ्यांचा वाडगा

मी एक मातीचा वाडगा बोलतोय. अरेग्वा गावच्या तळ्याकाठची माती मी, हातानं वळलेली. मला घडवणाऱ्या बाईनं माझं बूड जरा जास्तच जाड ठेवलं, म्हणून मी जड आहे आणि सहसा कलंडत नाही. भट्टीतून काढल्यावर तिनं मला टिचकी मारून आवाज ऐकला आणि रस्त्याकडेच्या फळीवर मातीच्या कोंबड्या नि बेडकांच्या शेजारी ठेवून दिलं.

तिथून मला लिसांद्रोनं उचललं. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. घरी येऊन त्यानं मला बायकोपुढे धरलं. "एवढं जेवण मला रोज पाहिजे."

"यात तर बैल जेवेल," एलिदा म्हणाली.

"मग बैलाला वाढ."

पुढची कितीतरी वर्षं ती त्याला माझ्यातच वाढत आली. कोंबडीचा रस्सा, त्यात मक्याच्या पिठाचे गोळे, शेजारी उकडलेला मांडिओकाचा कंद. तो शेवटी माझं बूड कंदाच्या तुकड्यानं पुसून घ्यायचा. मला धुवायला फारसं काही उरत नसे.

मग त्याचं पोट बिघडलं आणि ते सुधारलंच नाही. इस्पितळानं त्याला घरी पाठवलं. एलिदा रस्सा पातळ करी, गाळून घेई, चमचा त्याच्या ओठांशी नेई. तो तोंड वळवायचा. "नंतर," म्हणायचा. ती मला तसाच भरलेला परत नेई आणि दुसरं काहीतरी करून आणी. अंडं, कुस्करलेलं केळं, दुधात भिजवलेला पाव. पुन्हा "नंतर". एका सकाळी वाढायचं कारणच राहिलं नाही.

तो गेल्यावर घरात नऊ दिवस प्रार्थना झाली. शेवटच्या दिवशी माणसं पांगल्यावर त्याची थोरली बहीण प्लासिदा स्वयंपाकघरात आली. "माझ्या भावाच्या पोटात शेवटी घोटभर रस्सा नव्हता, एलिदा. घरात बाई असून माणूस उपाशी गेला."

एलिदा भांडी घासत होती. तिनं मला घासलं, पुसलं आणि फळीवर पालथं घातलं. 

त्यानंतर ती टेबलाशी बसेनाशी झाली. चुलीजवळ उभ्यानंच थंड मांडिओकाचा तुकडा तोंडात टाकायची, कधी तोही नाही. मी पालथाच होतो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिलाही वाटत असावं असं दिसत नव्हतं.

अशात लिसांद्रोचा मित्र एर्मिनिओ बगलेत एक पिल्लू घेऊन आला. डोळे वाटोळे म्हणून त्यानं त्याला कवुरे, म्हणजे पिंगळा, असं नाव दिलं होतं.

"लिसांद्रोनं सांगून ठेवलं होतं, वहिनी. माझ्या कुत्रीला पिल्लं झाली की एक त्याचं."

"तो आता नाहीये."

"ठाऊक आहे. पण मी हो म्हटलं होतं त्याला."

 एर्मिनिओनं पिल्लू जमिनीवर ठेवलं आणि तो गेला.

कवुरेनं पत्र्याची ताटली उलथवली, म्हणून एलिदानं हात वर करून मला काढलं. जड भांडं हवं होतं, एवढंच. तिनं माझ्यात कुत्र्यांचे विकतचे दाणे ओतले. कवुरेनं हुंगलं आणि तो तिच्याकडे बघत बसला. तिनं दाण्यांवर रस्सा घातला. त्यानं रस्सा चाटला, दाणे ठेवले. दुसऱ्या दिवशी रस्साही नको झाला. तिनं कोंबडी सोलून घातली. ती दोनदा खाल्ली, मग तीही नको. तिनं बोटावर अंडं घेऊन भरवलं. दिवसभर माझ्यात काही ना काही पडलेलं असायचं आणि माश्या यायच्या.

प्लासिदा आली ती दारातच थबकली. "माझ्या भावाचा वाडगा जमिनीवर?"

"दुसरं भांडं तो उलथवतो, ताई."

"आणि यात तरी जेवतो का?"

"नाही."

"तुझ्या घरी कुणीच जेवत नाही."

एलिदानं पिल्लाला टोपलीत घातलं, जेवण दाखवायला मलाही घेतलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी त्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, वजन केलं.

"जरा हडकुळा आहे, पण आजारी नाही. काय काय घालता याला?"

एलिदानं सगळं सांगितलं.

"मग हा हुशार आहे. दाण्यांना नाक मुरडलं की रस्सा येतो, रश्शाला मुरडलं की कोंबडी. त्याच्या जागी मी असते तर मीही वाट बघितली असती. आता फक्त दाणे, कोमट पाण्यात भिजवून. रोज त्याच त्याच वेळी. पाव तास ठेवा आणि उचला. मधे काही नाही. पाणी मात्र सतत हवं. दिवसभर तोंडच लावलं नाही, किंवा मलूल झाला, उलटी केली, तर लगेच आणा. लहान जीव आहे."

"मला उचलता येणार नाही," एलिदा म्हणाली.

"का? जड आहे वाडगा?"

"नाही."

दुसऱ्या सकाळी तिनं भिजवलेले दाणे माझ्यात घातले आणि ती स्टुलावर बसली. कवुरेनं हुंगलं, तिच्याकडे बघितलं. पाव तास झाला. ती वाकली, माझ्या काठावर हात ठेवला आणि तशीच राहिली. तेवढ्यात प्लासिदा आली.

"ताई, हा वाडगा तुम्ही उचला. मला होत नाही."

"का?"

"तुमच्या भावापुढून किती वेळा उचलला. दर वेळी भरलेलाच."

 प्लासिदा खुर्ची ओढून बसली.

"तू औषधं आणायला गेलीस की मी यायचे," ती म्हणाली. "आई करायची तसा रस्सा करून याच वाडग्यात द्यायचे. वाटायचं, माझ्या हातचं तरी खाईल. त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. मग मी तो कोंबड्यांना ओतायचे आणि वाडगा धुऊन ठेवायचे. तुला कळू नये म्हणून."

हे खरं होतं. मी तिच्याच हातात असायचो.

"मग मला तसं का म्हणालात?" एलिदानं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"कुणाला तरी म्हणायचं होतं."

  प्लासिदानं खाली वाकून मला उचललं आणि दाण्यांसकट वर ठेवून दिलं. कवुरे थोडा कुईकुई करून दारात जाऊन पडला.

दुपारी प्लासिदानं मांडिओका तळला, त्यावर अंडी फोडली आणि टेबलावर दोन ताटं मांडली. "बस," ती म्हणाली. एलिदा बसली. ताजे दाणे भिजवून मला खाली ठेवलं होतं. कवुरे आधी टेबलाखाली गेला, दोघींच्या पायांशी घुटमळला. कुणी काही दिलं नाही. मग तो माझ्याकडे आला. एक दाणा उचलून फरशीवर टाकला, तो खाल्ला. मग दुसरा. मग त्यानं डोकंच माझ्यात घातलं.

"जेवतोय," प्लासिदा पुटपुटली.

"बघू नका, ताई. बघितलं की थांबतो."

दोघी नजर भिंतीकडे ठेवून आपलं आपलं जेवत राहिल्या. खूप दिवसांनी माझ्या बुडाला जीभ लागली. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. रिकामा झालो, एवढं खरं.

आता कवुरे गुडघ्याएवढा आहे. माझ्या काठाचा टवका उडालाय आणि एक बारीक चीर खाली उतरतेय, म्हणजे मी काही फार दिवसांचा नाही. जायच्या आधी एक मागणं आहे. कुणी आजाऱ्याच्या खोलीतून भरलेला वाडगा घेऊन बाहेर येताना दिसलं, तर आजाऱ्यानं किती खाल्लं हे विचारू नका. वाडगा हातातून घ्या आणि त्या माणसाला आधी जेवायला बसवा.