आठ चालींचा कोट

मोटेचा नाडा माझ्या हातात आणि बुद्धिबळाचा पट दादाच्या हातात, अशी आमच्या घरातली वाटणी. त्यामुळं विहिरीचं पाणी नक्की कुणामुळं मिळतं यावरून आम्हा दोघा भावांची रोज वादावादी. पाडव्याच्या सकाळीही ती चुकली नाही. गुढी उभी झाली, कडुनिंबाची पानं चावून झाली, आणि मी तोंडातला कडूपणा न गिळताच दादाला म्हणालो,

“दादा, एकदा तरी पट मांडून बग की. औंदा समोर आप्पा न्हाय.”

“आप्पा न्हाय तर कोन हाय? त्येची बायकू!” दादा फेट्याला पीळ देत म्हणाला. “भीमा, तू बैलास्नी पानी दाव जा. डाव मी बगतो.”

“तिचा खेळ आपल्याला ठावं न्हाय, म्हनून म्हनतोय.”

“माजा खेळ मला ठावं हाय. बास झालं!”

आता एवढ्यावर काय बोलणार? थोरला भाऊ. त्यात ऐन उमेदीत दोन वर्षं सोलापूरच्या गिरणीत काढून आलेला. तिथल्या एका कारकुनानं त्याला आठ चाली शिकवल्या होत्या. पहिल्या आठ चाली डोळे झाकून खेळायच्या, की आपला कोट उभा राहतो आणि मग समोरच्यानं डोकं आपटलं तरी आत शिरता येत नाही. दादाचा त्या कोटावर देवापेक्षा जास्त भरवसा.

विहिरीचं सांगतो. माढ्याच्या अलीकडं आमचं गाव. काळी जमीन, आणि उन्हाळ्यात तिच्यात पाय जाईल एवढ्या भेगा. आमचं आणि चुलत्याचं घर मिळून विहीर एकच. पाडवा उलटला की तिचं पाणी खाली जातं. रात्रभरात जेवढं पाझरेल तेवढं सकाळी उपसायचं. सकाळची पाळी ज्याची त्याचं वैरणीचं कडवळ हिरवं, त्याच्या मिरच्या तगतात, त्याचे बैल मृगापर्यंत उभे राहतात. दुपारची पाळी म्हणजे तळ खरवडायचा. पूर्वी या पाळीवरून आमचा बाप आणि चुलता कुऱ्हाडीच्या दांड्यानं भांडले. चुलत्याची दोन बोटं गेली, आमच्या बापाचा खांदा उतरला. दोघांनाही बुद्धिबळाचा नाद होता, म्हणून पंचांनी कागद केला: दर पाडव्याला विहिरीवर एक डाव. जिंकेल त्या घराला सकाळची पाळी. हरलेलं घर पुढच्या वर्षी पहिली चाल करील. आणि खेळणाऱ्याखेरीज ज्याच्या घरचं माणूस मध्ये बोललं, त्याचा डाव गेला.

दोघे म्हातारे गेल्यावर दादा आणि चुलतभाऊ आप्पा खेळू लागले. नऊ वर्षं दादा जिंकला. सोलापुरात लष्करी कायदा लागला त्या पावसाळ्यात आप्पा तापानं गेला. मागं राहिली त्याची बायको, मथुरावैनी. आणि पुढच्या पाडव्याला, म्हणजे या पाडव्याला, ती डोक्यावरचा पदर सारखा करून विहिरीवरच्या निंबाखाली पटासमोर येऊन बसली.

“बाईमानूस डावाला?” दादा पंचांकडं बघत म्हणाला.

पंच म्हणून आता एकटा चन्नप्पा वाणी उरला होता. पटही त्याचाच. त्यातला एक उंट कधीच हरवलेला, त्याच्या जागी सुपारी ठेवायची. चन्नप्पानं कागद उलगडला आणि म्हणाला, “कागदात घरचं मानूस असं लिवलंय, रामहरी. बाई न्हाय, बुवा न्हाय. बस खाली.”

दादा बसला. वैनी त्याच्या धाकट्या भावजयीच्या नात्याची, म्हणून त्यानं मान खाली घातली. तिच्याकडं बघायचं नाही हे रीतीला धरून झालं. पण तिच्या मोहऱ्यांकडं बघायला काय झालं होतं?

वैनीनं पहिल्यांदा राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं. दादानं कडेचं प्यादं सरकवलं. त्याच्या कोटाची ती पहिली वीट. मग वैनीनं वजीर उचलला आणि तिरका बाहेर काढून मोकळ्यावर ठेवला.

निंबाखाली जमलेली माणसं हसली. आमच्याकडं दुसऱ्या चालीला वजीर कुणी काढत नाही. आधी प्यादी, मग घोडे, मग उंट, आणि वजीर आपला घरात. चन्नप्पासुद्धा म्हणाला, “मथुराबाई, ह्यो वजीर हाय बरं का. प्यादं न्हवं.”

“ठावं हाय,” वैनी म्हणाली.

दादानं तंबाखूत चुना घालत दुसऱ्या कडेचं प्यादं सरकवलं. दुसरी वीट. वैनीनं एक साधं प्यादं हलवलं आणि हात मांडीवर ठेवले. तिला काही घाईच नव्हती.

तेव्हा मला दिसलं. तिचा वजीर ज्या घरात उभा होता तिथून एक तिरकी वाट सरळ आमच्या कोपऱ्यातल्या हत्तीकडं जात होती. त्या वाटेवर आमचं एकच प्यादं आडवं होतं, घोड्यापुढचं. आणि दादाची तिसरी चाल कोणती? घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढं. गेली नऊ वर्षं तीच.

मी खोकलो. दादानं बघितलं नाही. मी आणखी मोठ्यानं खोकलो.

“भीमा,” चन्नप्पा म्हणाला, “खोकला आला आसंल तर घरी जाऊन काढा घे. हितं दुसऱ्यांदा खोकलास. तिसऱ्यांदा खोकलास तर बोलला आसं धरीन.”

मी ओठ आवळले. मनातल्या मनात ओरडत होतो: अरे दादा, थांब! ती रीत सोडून खेळली म्हणजे येडी ठरत नाही. तिचं मोहरं कुठं बघतंय एवढं तरी बघ. आज कोट नंतर बांध! पण मनातलं ओरडणं कुणाला ऐकू जातं? दादानं तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली, हात झटकला आणि घोड्यापुढचं प्यादं सरकवलं.

वैनीनं वजीर कोपऱ्यापर्यंत नेला आणि आमचा हत्ती उचलून पदरात टाकला.

आता कुठं दादाचं तोंड वर झालं. आधी पांढरं, मग लाल. आणि मग त्यानं दुसरी चूक केली. मला विचाराल तर पहिलीपेक्षा मोठी. एक हत्ती गेला तर गेला, नऊ वर्षांत आप्पाला त्यानं किती वेळा एका हत्तीनं कमी असताना हरवलं होतं! शांत बसून घर आवरायचं. पण त्याला राग आला. बाईनं फसवलं म्हणून तो तिच्या वजिराच्याच मागं लागला.

“कोपऱ्यात गेलाय न्हवं? आता भायेर कसा येतोय बगतो,” असं म्हणून त्यानं घोडा उठवला. वैनीनं कुठलंतरी प्यादं हलवलं. दादानं उंट उठवून वजिराला भिडवला आणि मांडीवर थाप मारली. “कोंडला!”

घोडा उठला, उंट उठला, त्यांची घरं रिकामी झाली, आणि तिच्या वजिरापासून आमच्या वजिरापर्यंतची रांग झाडून काढल्यासारखी साफ झाली. वैनीनं आमचा वजीर मारला. दादानं तिचा मारला. वजिरास वजीर गेला, पण आमचा हत्ती आधीच तिच्या पदरात होता. डाव तिथंच संपला. दादानं मात्र तो सूर्य डोक्यावर येईपर्यंत ओढला, आणि शेवटी राजा आडवा करून घरी निघून गेला.

चन्नप्पानं कागदावर नोंद केली. सकाळची पाळी: मथुराबाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बैल घेऊन विहिरीवर गेलो. नऊ वर्षांत ती विहीर मी चैत्रातल्या दुपारी कधी पाहिली नव्हती. पाणी पार तळाला, खेकडे दिसत होते. वैनी तिचे बैल सोडत होती.

मी पहिली मोट सोडली. पाण्याचा आवाजच आला नाही, खडकावर चामडं आपटल्याचा आला. वर आली ती निम्मी, आणि त्यातला अर्धा चिखल. धावेच्या उतारावर बैलांना ओढायला काही वजनच लागलं नाही. मला लाज वाटली; हे असं पाणी आप्पानं नऊ उन्हाळे ओढलं होतं. राग मात्र लाजेपेक्षा जास्त होता, आणि तो वैनीवर नव्हता.

“वैनी,” मी म्हणालो, “वजीर आदी काडायचं तुमाला कुनी शिकिवलं?”

“कुनी न्हाय.” ती नाडा गुंडाळत होती. “भावजी, नऊ पाडवं मी हितंच धावंच्या कडंला हुबी ऱ्हायले, पान्याची कळशी घिऊन. माज्या धन्यानं काय बी खेळलं तरी दादांच्या आठ चाली त्याच. तीच प्यादी, त्याच वळीनं. मी धन्यास्नी सांगायची, आवो, ते तुमच्याकडं बगतच न्हाईत. तर ते म्हनायचे, तुला काय कळतंय, तू भाकरी थाप.” तिनं नाडा खांद्यावर टाकला. “जोंधळ्याचं दानं मांडून मी ती तिसरी चाल लई येळा बगितली. म्हनलं, एकदा तरी मला बसाया मिळंल.”

तिनं बैल पुढं घातले. मी चिखलाच्या सहा मोटा काढल्या. कडवळाच्या दोन वाफ्यांत पाणी पोचलं, तिसऱ्याच्या तोंडाशीच जिरलं. संध्याकाळी घरी आलो.

ओसरीवर दादा पट मांडून बसला होता. चन्नप्पाकडून मागून आणला असावा, सुपारीचा उंट जागेवर होता. एकटाच दोन्हीकडून खेळत होता. मला बरं वाटलं. निदान आता तरी हा त्या वजिराला उत्तर शोधतोय, म्हणून मी जवळ जाऊन वाकलो. दादानं समोरचा वजीर बाहेर काढला. मग आपलं कडेचं प्यादं सरकवलं. मग दुसऱ्या कडेचं. मग त्याचा हात घोड्यापुढच्या प्याद्याकडं गेला.

इथं चन्नप्पा नव्हता, कागद नव्हता, बोलायला कुणाची बंदी नव्हती.

“दादा, ते नगं! ती तिरकी वाट बग की. तिसरी चाल बदल.”

“भीमा,” दादा वर न बघता म्हणाला, “चालीत खोट न्हाय. काल माजं ध्यान नव्हतं. तुला काय कळतंय ह्यातलं? तू मोट हाक.”

त्यानं प्यादं सरकवलं.

सकाळी उठून मी आधी बैलांना वैरण घातली. मग सावकाश दात घासले, सावकाश भाकरी खाल्ली. आमची पाळी दुपारची होती.