क्वेसारच्या डावीकडचा ठिपका

रुपाली मेश्रामने सकाळी साडेदहाला फाइल उघडली आणि पाच मिनिटांत तिच्या गाइडची लाडकी दीर्घिका बाद झाली.

गाइड म्हणजे डॉ. अनिरुद्ध गद्रे. एका क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या एका दीर्घिकेच्या झगमगत्या केंद्राच्या, वर्णपटात त्यांना सोळा वर्षांपूर्वी दोन बारीक काळ्या रेघा सापडल्या होत्या. क्वेसारचा प्रकाश अब्जावधी वर्षं प्रवास करून येतो. वाटेत कुठल्यातरी दीर्घिकेतल्या मॅग्नेशियमने त्यातला तेवढा भाग गिळला होता. कुठल्या, ते कळत नव्हतं. क्वेसारच्या उजवीकडे एक देखणी सर्पिल दीर्घिका दिसत होती. तिचा वर्णपट काढण्याइतकी मोठी दुर्बीण तेव्हा सरांच्या हाताशी नव्हती. पण जवळ आहे, मोठी आहे, म्हणजे तीच असणार, असं त्यांनी पेपरात लिहिलं आणि सगळ्यांनी ते मानलं. तिचा फोटो सरांच्या खोलीत फ्रेम करून लावलेला होता. त्यांच्या बायकोचा नव्हता.

रुपालीच्या पीएचडीत फक्त खात्री करायची होती. विश्व प्रसरण पावतं तसा प्रकाश ताणला जातो. त्या दोन रेघा १.७३१ पट ताणलेल्या होत्या. दीर्घिकेचा स्वतःचा प्रकाशही तेवढाच ताणलेला निघाला की काम झालं. त्यासाठी आदल्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या एका मोठ्या दुर्बिणीने निरीक्षण घेतलं होतं. वर्णपटासाठी प्रकाश आत घेणारी अरुंद फट कुठल्या कोनात ठेवायची यावरून महिनाभर वाद झाला होता.

"माझ्या दीर्घिकेवरून गेली पाहिजे," सर म्हणाले होते. "बाकी तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे."

आता आकडा समोर होता. १.३१२. रुपालीने तो तीनदा काढला. ती देखणी दीर्घिका कितीतरी अलीकडे होती. त्या रेघांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

"मेले मी," ती म्हणाली.

"काय झालं?" शेजारच्या टेबलावरून ऋतिकाने विचारलं. ऋतिका तिच्याच वर्षाची, खराडीहून रोज स्कूटीवर येणारी.

"सरांची दीर्घिका चुकीची आहे."

"सीरियसली? मग तू त्यांना ईमेल कर आणि फोन बंद ठेव."

रुपालीने फाइल बंद करायला हात नेला आणि थांबली. पडद्यावर मधोमध क्वेसारचा जाड पांढरा पट्टा होता. उजवीकडे सर्पिल दीर्घिकेचा फिकट पट्टा. आणि डावीकडे, क्वेसारला जवळजवळ चिकटून, एक ठिपका. मोहरीएवढा.

"ऋतिका, हे काय आहे?"

ऋतिका खुर्चीसकट सरकत आली. "कॉस्मिक रे असेल. अवकाशातले कण डिटेक्टरवर रोज आदळतात."

"दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये बघू."

दुसऱ्यातही तो होता. तिथेच. तिसऱ्यातही होता. रुपालीने तरंगलांबी मोजली, ६४५२ अँगस्ट्रॉम. ऑक्सिजनची एक हमखास दिसणारी रेषा ३७२७ ला असते. तिने मोबाइलवर भागाकार केला.

१.७३१.

तिला उचकी लागली. आनंद झाला की रुपालीला उचकी लागते, हे लहानपणापासूनचं.

"एका रेषेवर कोणी विश्वास ठेवणार नाही," ऋतिका म्हणाली, पण तिचाही आवाज चढला होता. "ऑक्सिजनची दुसरी, ५००७ ची? गुणाकार कर. ८६६७. तिथे बघ!"

तिथे आकाशाच्याच उजेडाची गर्दी होती. रुपालीने तो उजेड वजा केला, परत वजा केला, रंग उलटे केले. गर्दीच्या फटीत, ८६६७ वर, दुसरी मोहरी बसलेली होती.

दोघींनी एकदम किंकाळी फोडली. कॉरिडॉरमधून कोणीतरी "साप आहे का?" असं विचारलं.

इतकी वर्षं ती क्वेसारच्या झगमगाटात लपून बसली होती. छोटीशी, किरटी दीर्घिका, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सरांनी हट्टाने स्वतःच्या दीर्घिकेवरून फट नेली, म्हणून फटीचं दुसरं टोक बरोबर हिच्यावर पडलं. रुपालीच्या मनासारखी उभी ठेवली असती तर ही सापडलीच नसती.

"सर कुठे आहेत?"

"खालच्या हॉलमध्ये. शिक्षकांचं शिबिर आहे ना आज."

रुपाली लॅपटॉप उघडाच छातीशी धरून जिने उतरली. ईमेल करावा हे तिला सुचलंच नाही. हॉलचं दार ढकललं तेव्हा ऐंशी शाळाशिक्षक समोर पाहत होते, आणि पडद्यावर होती ती सर्पिल दीर्घिका, भिंतभर. खाली लिहिलं होतं, 'हीच ती!'

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या. आग लागली असेल तर बोला, नाहीतर मागे जागा आहे."

"सर, ही ती— हिक्— नाहीये."

"कोण ती नाहीये?"

रुपालीने पडद्याकडे बोट केलं.

आपण काय केलं हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पण उचकी थांबेना, आणि त्याहून वाईट म्हणजे हसू थांबेना.

"आकडा?" सरांनी विचारलं.

"एक पूर्णांक तीन एक दोन."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मग म्हणाले, "आणि एवढ्या वाईट बातमीला आपण हसताय कशाला?"

"कारण खरी— हिक्— सापडली, सर. डावीकडे."

सरांनी स्वतःच्या लॅपटॉपची वायर ओढून काढली आणि तिच्या लॅपटॉपला लावली. भिंतीवर मोहरी आली, आता भोपळ्याएवढी. सर भिंतीच्या इतक्या जवळ गेले की मोहरीवर त्यांची सावली पडली.

"दुसरी रेषा?"

तिने दाखवली. सरांनी खडू उचलून तिच्या हातात दिला. "मांडा. मोठ्याने. या सगळ्यांना येतो भागाकार."

रुपालीने फळ्यावर ६४५२ भागिले ३७२७ लिहिलं. पहिल्या रांगेतल्या हडपसरच्या मुख्याध्यापिका सुंदराबाई काळोखे यांनी पर्समधून कॅल्क्युलेटर काढला होता. "एक पॉइंट सात तीन एक!" त्या ओरडल्या. दुसऱ्या रेषेला निम्मा हॉल आकडेमोड करत होता, आणि उत्तर चारी बाजूंनी एकदम आलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका शिक्षकाने तर शिट्टी मारली.

"म्हणजे हे आत्ताच कळलंय?" सुंदराबाईंनी विचारलं.

"वीसेक मिनिटं झाली," रुपाली म्हणाली.

"आणि आमच्याआधी कोणाला माहीत होतं?"

"ऋतिकाला."

"आणि मला सगळ्यात शेवटी," सर म्हणाले. "तुमच्याबरोबर. आता चहा घ्या. पंधरा मिनिटांनी उरलेलं व्याख्यान या देतील. माझ्याकडचं सगळं बाद झालं."

बाहेर येऊन रुपालीने आईला फोन लावला. मथुराबाई मेश्राम मूळच्या भंडाऱ्याच्या. नवऱ्याची टपाल खात्यात बदली झाली तेव्हा वारज्यात आल्या, त्याला तीस वर्षं झाली, पण बोली बदलली नव्हती.

"आई, सापडली!"

"काहून वं, हासून राहिली का रडून राहिली?"

"दोन्ही."

"बाबांले सांगतो थांब. अहो, तिची ते सापडली! दूर हाय का वं लय?"

"सहा अब्ज वर्षं लागली प्रकाशाला यायला."

"बरं झालं आली," मथुराबाई म्हणाल्या. "जेवली का तू?"

फोन ठेवून ती वळली तर सर खिडकीपाशी चहाचा कप घेऊन एकटेच उभे होते. चहा तसाच होता. रुपाली जवळ गेली.

"सर, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. सॉरी."

"नको होतंच." सर बाहेरच बघत होते. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही खडू घेईपर्यंत वाटलं." मग त्यांचे खांदे हलायला लागले. रुपाली घाबरली, पण सर हसत होते, आवाज न करता, कप हिंदकळेपर्यंत. "सोळा वर्षं, रुपाली! परवा नातवाला सांगितलं मी, ही आजोबांची दीर्घिका."

"आता काय सांगाल?"

"सांगेन, आजोबांचं घर चुकलं." त्यांनी चहा एका घोटात संपवला. "पेपरात माझी चूक पहिल्याच परिच्छेदात लिहा. स्वच्छ. आणि नाव तुमचं आधी. चला, लोक आत बसलेत."

हॉलमध्ये सगळे परत जागेवर आले होते. सुंदराबाईंनी वही उघडून तारीख घातली होती. रुपालीने पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला, खडू घेतला आणि म्हणाली, "नमस्कार. मला अजून उचकी— हिक्— आहे, सांभाळून घ्या."

सर शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि प्रश्न विचारायला पहिला हात त्यांनीच वर केला.