आळलेला माल

"हालेलुया!"

घमेल्यांभोवती अख्खं गाव जमलं होतं. प्रसूतिघराच्या छतासाठी कालवलेला सिमेंटचा माल पाच मिनिटांत आळला होता. प्रेषित अग्बेको यांनी "ऊठ!" म्हणत त्यात काठी गरागरा फिरवली, आणि तो पेजेसारखा वाहू लागला.

"पाहिलंत? गवंडी छतावरून पडून मेला, पण त्याचा हात मालात अडकलाय! सुतकाच्या काळ्या कापडातली त्याची विधवा पाणी वाहते, त्यातून येतो तो. तिला गावाबाहेर काढा. रिकाम्या घरात मी प्रार्थना करीन."

"नुसती प्रार्थना? की झोपणारही?" मागून कुणीतरी म्हटलं. पण हसलं कुणी नाही.

ती विधवा, एसिनाम, डोक्यावर पाणी घेऊन उभी होती. तिचा गवंडी नवरा सेलोम गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून तिला ना रडू येई, ना राग. सकाळची प्रार्थना आणि शुक्रवारचा उपास तेवढे चुकत नव्हते. आता घर जाणार, हेही तिला दुसऱ्याचंच वाटलं. पाणी मात्र जड होतं. तिनं ते उतरवलं.

"एफो दोत्से," ती दिराला भाऊ म्हणून हाक मारत म्हणाली, "आज सिमेंटची पोती उतरवताना मान भाजली ना?"

"भाजली की, दावी," तो ताईला म्हणावं तसं म्हणाला. "पोती भट्टीतल्या पावासारखी होती."

"गिरणीतून तापून आलेलं सिमेंट असंच लटकं आळतं, तुझा भाऊ सांगायचा. पाणी घालू नकोस, नुसता ढवळ."

दोत्सेनं नव्या आळलेल्या घमेल्यात फावडं घातलं. माल वाहू लागला.

"मनात प्रार्थना केली असेल!" प्रेषित ओरडले.

"हा? हा तर प्रार्थनेत घोरतो!" मागचा तोच आवाज म्हणाला. आता मात्र सगळे हसले.

तापलेल्या सिमेंटमधलं जिप्सम हे खनिज पाणी मिळताच कच्चं जाळं विणतं. ढवळलं की ते तुटतं. खरी पकड काही तासांनी बसते, ती सुटत नाही.

एसिनामनं सकाळी उरलेल्या मालाचं घमेलं पुढं सरकवलं. "प्रेषित, हा उठवा."

प्रेषितांनी काठी खुपसली, ती मोडली.

"माझा नवरा या घमेल्यातल्या मालासारखा आहे, उठणार नाही," ती तशाच आवाजात म्हणाली. "तो कुणाला अडवायला येत नाही. देवाला मी रोज हाक मारते. पण तुम्ही आधी ढवळून बघा, मग हालेलुया म्हणा."

मग दोत्सेनं रिकामं घमेलं पुढं केलं.

"दावी, पाणी आण."