मान डोलावणारा रोबो

वेल्डिंगच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. जाळीपलीकडे दोन पुरुष उंचीचा पिवळा रोबो, अलीकडे रेशमी झग्यातले बाबा. बाबांनी हात उचलला की रोबो उठे, बोट फिरवलं की त्याचं मनगट फिरे.

"लोखंडात प्राण घातला मी, तुमच्या हाडामांसाची काय कथा! गोळ्या फेका, सुया फेका! हा मान डोलावेल तो बरा झाला!" बाबा गरजले आणि खिशातल्या बाटलीतून खोकल्याच्या औषधाचा घोट घेतला. तिकडे बघतो कोण?

काळ्या काचेच्या केबिनमध्ये प्रोग्रामरबाई लॅपटॉपवर बसली होती. हात कुठून कुठे न्यायचा ते रोबोला एकेक बिंदू करून शिकवत बसण्याची जुनी रीत सोडून तिने नवी काढली होती. पेटी वाजवावी तशी इथे प्रोग्रामची ओळ बदलायची, तिथे चालता रोबो त्याच क्षणी चाल बदलणार. वर्षभर खपली होती बिचारी. कारखान्याचे साहेब म्हणाले, "उद्घाटनाला बाबांना बोलावून जरा गंमत करू." ती हसून हो म्हणाली. गंमत तीन आठवडे चालली. ती फक्त बाबांचे हात बघे, समोरच्या माणसांची तोंडं तिने कधी पाहिलीच नाहीत.

आज आवाज ओळखीचा आला.

"बाबा, आठ दिवसांपूर्वी मी मागे गर्दीत होते. याने मान डोलावली, तेव्हापासून इन्सुलिन बंद केलंय. पाय जरा लटपटतात, एवढंच."

तिला लहानाची मोठी करणारी मावशी! बाबांनी रोबोकडे बोट केलं. तिने कळफलकावरून हात काढून घेतले. रोबो ढिम्म.

"आज रुसलाय तो," बाबा घामाघूम झाले.

ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली. "मावशी, हे बटण दाब."

मावशीने दाबलं. रोबोने मान डोलावली.

"बाबांचे हात बघून मी केबिनमधून याला हलवत होते. यात प्राण नाही, माझ्या चार ओळी आहेत. यंत्र हललं तर हलवणारा शोधा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. चूक माझी आहे."

बाबा मागच्या दाराने सटकले.

"म्हणजे त्या दिवशी मान तूच डोलावलीस?" मावशीने विचारलं.

"हो."

"हलवणारा शोधा म्हणतेस. पण तू काळ्या काचेमागे बसलेली. आम्ही शोधायचं कसं गं?"

तिने मावशीचा दंड धरला आणि दोघी दवाखान्याकडे निघाल्या.