खालचा उजवा कोपरा

वर्तमानपत्राचं पहिलं पान रोज कोऱ्या कागदातून जन्माला येतं, असं आमचे सर वर्गात सांगत, आणि सांगताना डोळे मिटून घेत. डोळे उघडे ठेवून ते एकदा जरी कुठल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले असते, तर त्यांना दिसलं असतं की तिथे रोज कालचंच पान उघडतात, तारीख बदलतात आणि जुन्या बातम्या पुसून त्याच जागी नव्या बसवतात. बातमी लहान पडली तर फोटो मोठा करतात. फोटोही नसला तर पाण्याच्या टाकीचा लावतात. टाकी कधीच बातमीला नकार देत नाही.

हे मला पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं. परीक्षेसाठी प्रत्येकाने एखाद्या स्थानिक वर्तमानपत्राचं पहिलं पान आखून, लावून आणि जमलंच तर छापून आणायचं होतं. माझ्या वाट्याला एक सांजदैनिक आलं. दुपारी एकला पान सोडायचं, तीनला छपाई, चारला अंक रस्त्यावर. संपादकांना सगळे साहेब म्हणत. साहेबांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझं नाव 'कॉलेज' ठेवलं.

"हे बघ कॉलेज, शनिवारचं पान तू लाव. बरं झालं तर नोकरी इथेच. वाईट झालं तर शनिवारच आहे, कोण वाचतंय."

घरी मी यातला फक्त मधला भाग कळवला. मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं वडिलांचं मत होतं, पण तोवर आईने सगळ्या शेजारणींना सांगून टाकलं होतं की शनिवारचा पेपर आमच्या मुलीचा आहे. मागे फिरायची सोय उरली नाही.

पानं लावायचं काम खिळेकाकांचं. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यापासून त्यांनी सुरुवात केली म्हणून खिळेकाका. पुढे कॉम्प्युटर आला तरी नाव बदललं नाही, आणि काकाही फारसे बदलले नाहीत. माऊस ते चिमटा धरल्यासारखा धरत. सायकलवरून येत, आणि तिची घंटी वाजत नसल्याने गल्लीच्या तोंडापासून "बाजूला, बाजूला" असं स्वतःच ओरडत येत. सायकल लावत ती जिन्याच्या पहिल्या पायरीशी. वर येणारा प्रत्येक जण तिच्या हँडलला अडके आणि शिवी देऊन मगच वर येई. साहेबसुद्धा. शिवीवरून कोण आलं ते आम्हाला वर कळत असे.

पान आखायचं म्हणजे आधी जुने अंक पसरून बघायचे. मी महिनाभराचे पसरले. मुख्य बातमीची जागा बदलत होती, फोटो बदलत होते, टाकी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे होती. हलत नव्हता तो फक्त खालचा उजवा कोपरा. तिथे काळ्या रेघेच्या चौकटीत बारा शब्द होते:

'छोट्या, असशील तिथून निघून ये. कोणी रागावणार नाही. सायकल विकलेली नाही. – आई.'

"काका, हे किती दिवस चाललंय?"

"सतरा वर्षं."

"सतरा? मग हा छोट्या आता केवढा असेल?"

"चौकटीत मावतोय अजून," काका म्हणाले.

माझी अडचण अशी की त्या चौकटीमुळे माझं पान बसत नव्हतं. मला तळाशी सलग सहा कॉलमांचा लेख हवा होता, आणि वर भरपूर मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे पानाचा श्वास, असं सर म्हणत (पुन्हा डोळे मिटून). मी जाहिरात विभागात गेले. विभाग म्हणजे एक ताई आणि एक फोन. ताई म्हणाल्या, "ती जाहिरात नाही गं, मजकूर आहे. साहेबांना विचार." साहेब म्हणाले, "मजकूर कसला? जाहिरात आहे ती. ताईंना विचार." सतरा वर्षं ती चौकट या दोन टेबलांच्या मध्ये राहत होती आणि तिचं उत्तम चाललं होतं.

शेवटी काकांनीच सांगितलं. पोरगा नापास झाला आणि घरातून निघून गेला. त्याची आई कचेरीत आली, आठवडाभर छापा म्हणाली. काकांनी खिळे जुळवून चौकट सुतळीने बांधून ठेवली, आणि रोज तीच उचलून बसवली. आठवडा संपला. काढा म्हणायला कोणी आलं नाही. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा कालच्या पानाबरोबर तीही आत गेली.

"आणि त्या बाई?"

"गेल्या. नऊ वर्षं झाली. चौथ्या पानावर दोन ओळी होत्या. मीच लावल्या."

"अहो, मग ही चौकट कशाला?"

"ज्याने दिली त्याने बंद करायची. नियम आहे."

"काका, त्या गेल्या ना पण!"

"म्हणून तर थांबलोय," काका म्हणाले.

त्या दिवसापासून माझं जरा बिनसलं. घर अर्ध्या तासावरच्या गावात असलं तरी मी भाड्याच्या खोलीत राहत होते, आणि अशा खोलीत जुना पेपर किती ठिकाणी असतो हे मी पूर्वी कधी मोजलं नव्हतं. कपाटाच्या फळीवर होता. खिडकीच्या फुटक्या काचेवर चिकटवलेला होता. ओल्या बुटातला बोळा काढून उलगडला, तर 'निघून ये'. डबा पुसायला तुकडा घेतला, तर 'कोणी रागावणार नाही'. नऊ वर्षांपूर्वी मेलेली बाई खोलीच्या चारही बाजूंनी मला माफ करत होती, आणि मी काही केलेलं नव्हतं. म्हणजे अजून तरी नव्हतं.

कागदावर पट्टीने सहा कॉलम आखले की शेवटी खाली उजवीकडे पेन्सिलीने चौकट काढलेली असायची. कधी काढली ते मला आठवत नसे. खोडली तरी दाब उरायचा, कागद तिरका धरला की दिसायचा. गुरुवारी मी कॉम्प्युटरवर कालचं पान उघडून चौकट सरळ पुसून टाकली आणि प्रूफ काढलं. कोपऱ्यात चौकटीएवढीच पांढरी जागा होती. लेखाच्या ओळी तिथवर येऊन वळत होत्या, वाटेत कोणी झोपलंय म्हणून वळसा घालावा तशा.

"काका, हे काय?"

"चौकट गेली, कुंपण राहिलं. कुलूप घातलंय मी त्याला." काकांनी प्रूफवरची ती जागा अंगठ्याने चाचपली. "तुला ती नकोच असेल तर कोरं पान उघडावं लागेल."

"मग उघडू या."

"कोणी उघडलं नाही अजून," काका म्हणाले.

शुक्रवारभर मी स्वतःशी वाद घातला. देणारी नाही. ज्याच्यासाठी दिली तो बहुधा नाही. आणि नोकरी मात्र आहे. वाद मी जिंकले.

शनिवारी सकाळी मी कोरं पान उघडलं. काका खुर्चीवरून उठले, "तू लाव, मी बघतो," म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिथून पान दिसत नाही. वर पूल दुरुस्तीसाठी बंद झाल्याची बातमी, पुलाचा चार कॉलमी फोटो, भोवती भरपूर श्वास. तळाशी शहरातल्या बंद घड्याळांवर माझा लेख, आणि अगदी कोपऱ्यात माझं नाव. एक वाजता पान सोडलं.

"गेलं," काका म्हणाले. हे ते पानाबद्दल रोजच म्हणत.

सव्वाचारला पहिला फोन आला. ताईंनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विचारतायत, सापडला का?"

त्यानंतर फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही. सापडला का? कधी आला? बरा आहे ना? एका वाचनालयाने अभिनंदन कळवलं. मोकळ्या जागेबद्दल एकही फोन नव्हता. पाचला माझ्या आईचा आला.

"छान आलाय हो पेपर. सापडला का गं तो?"

"आई, माझं नाव बघितलंस का? खाली उजवीकडे?"

"बघते ना. तू आधी सांग, कुठे होता इतके दिवस?"

साहेब भलतेच खूश झाले. "कॉलेज, अख्खं शहर सुखावलंय! कोणी विचारलं तर हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. पत्रकारिता म्हणजे हेच."

साडेपाचच्या सुमाराला जिन्यात सायकल घासल्याचा आवाज आला. शिवी आली नाही. ताईंनी फोन हातात तसाच धरला. पावलं सावकाश वाजत वर आली आणि एक माणूस दारात उभा राहिला. तेहतीस-चौतिशीचा, टक्कल पडू लागलेलं, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. खांद्याला कपड्यांची पिशवी. हातातला आजचा अंक अशी घडी घालून धरला होता की खालचा उजवा कोपरा बाहेर राहावा.

"वाटेतली सायकल जरा सरकवली मी," तो म्हणाला. "आज आलं नाही."

"काय?" मी विचारलं. मला कळलं होतं.

"इथे येतं ते." त्याचं बोट माझ्या नावावर होतं.

काका वळले. "कुठे असतोस?"

"पुलापलीकडे. चष्म्याच्या दुकानात. आज पूल बंद, म्हणून फिरून यावं लागलं. एरवी पंधरा मिनिटं."

"सतरा वर्षं," काका म्हणाले, "आणि पंधरा मिनिटं."

"मग गेलात का नाही घरी?" मी विचारलं. माझा आवाज उगाच चढला.

"जाणारच होतो. आधी भीती वाटायची. मग लाज वाटायला लागली. मग म्हटलं, रोज येतंय ना? बोलावतेय अजून, म्हणजे बरी आहे." त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी उठायचं आणि जायचं, असं ठरवलं होतं. घरीच निघालो होतो. म्हटलं, आधी इथे विचारावं. आजारी आहे का ती? की रागावली?"

काकांनी काहीतरी खोटं सांगावं असं मला मनापासून वाटलं. पण सतरा वर्षं त्या माणसाने एकही शब्द बदलला नव्हता. तेव्हाही बदलला नाही.

"गेली. नऊ वर्षं झाली."

तो हसला. चुकीच्या घराची कडी वाजवणाऱ्याकडे पाहून हसावं तसा. "नाही हो. काल आलं होतं की."

"आपण दिलं होतं ते चौथ्या पानावर," साहेब केबिनमधून मदतीला आले.

"चौथं पान मी वाचत नाही."

त्याने अंक टेबलावर ठेवला, उलगडला, घडीची रेघ तळहाताने दोनदा दाबून सपाट केली. मग काकांना विचारलं, "आणि सायकल?"

"आहे," काका म्हणाले.

"असू दे," तो म्हणाला आणि खाली गेला. या वेळी जिन्यात काहीच घासलं नाही.

साहेबांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं. काकांनी सोमवारचं पान तयार ठेवायला म्हणून कालचं पान, म्हणजे आजचंच, उघडलं. ते आता माझं होतं. त्यांनी तारीख बदलली, कोपऱ्यातलं माझं नाव पुसलं आणि तिथे पाण्याची टाकी बसवली.

आम्ही बरोबरच जिना उतरलो. सायकल भिंतीशी, स्टँडवर, नीट सरळ उभी होती. काकांनी ती तशी कधीच लावली नव्हती.

"काका, ती चौकटीतली सायकल आता कोणाकडे असते?"

काकांनी बाहीने हँडल पुसलं. "ही काय."

"ही? अहो, आत्ता त्याने स्वतःच्या हाताने बाजूला केली ही!"

"नीट लावलीन."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

"आहे का, एवढंच विचारलं त्याने," काका म्हणाले, सायकल काढली आणि "बाजूला, बाजूला" करत गल्लीत शिरले.

बाईंनी ती पहिल्याच वर्षी त्यांना विकली होती. घंटी तेव्हाही वाजत नव्हती.