अकरा गैरहजर

तपासणीच्या दिवशी शाळेत पाऊल टाकताच चौथीच्या बाईंना मळमळलं. मुतारीच्या भिंतीवर कुणीतरी अर्धी बाटली अत्तर ओतलं होतं. घाण धुवायला कुणाला सवड झाली नव्हती, तिच्यावर सुगंध शिंपडायला मात्र झाली होती. बाईंनी रुमालाने नाक दाबलं आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुपारपर्यंत कुणाला कडू बोलायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम. आज तो निभण्याची लक्षणं दिसत नव्हती.

व्हरांड्यात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणत असे. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. बोलताना ती या गालातून त्या गालात जायची आणि दातांवर टकटक वाजायची.

"आलात? बरं झालं. तुमच्या वर्गावर आज तिसरीच्या बाई उभ्या राहतील. त्यांनी आठवडाभर पाठ बसवून घेतलाय."

"माझ्या वर्गावर? आणि मी?"

मोठ्या बाईंनी हातातला कागद पुढे केला. अकरा नावं होती. "ही मुलं घ्या आणि मागच्या अडगळीच्या खोलीत बसा. तपासणीचे साहेब जाईपर्यंत. आवाज नको."

"पण हजेरी?"

"लावलीय मी. गैरहजर. तापाची साथ आहे म्हणून सांगू." गोळी डाव्या गालात गेली. आवाज एकदम साखरेत घोळलेला. "हे बघा, बाई, तुमच्या भल्याचं सांगते. पाच महिने झाले, वर्ग अजून तुमच्या हातात नाही. चाचणीचा निकाल तुम्हीच बघितलात. आज गुपचूप बसलात तर वर्षअखेरीचा अहवाल नीट लिहीन, नोकरीत कायम व्हाल. नाहीतर माझा काही इलाज नाही."

त्या गुळमट आवाजाची बाईंना शिसारी आली. पण त्याहून वाईट हे, की त्यांना ते पटलं. एक्कावन्न मुलं, एक्कावन्न वह्या. आवाज महिन्याभरापासून बसलेला. घरी जेवणाच्या टेबलावर वह्यांचा ढीग आणि पानापानावर लाल फुल्या. परवाच सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "अगं, तू मुलांना शिकवतेस की नुसत्या फुल्या मारतेस?" बाई हसल्या होत्या. पण त्या दिवसापासून लाल पेन हातात घेतलं की बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटायचं.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मुलांना हाक मारली.

अडगळीच्या खोलीचं दार शिपाईमामांनी उघडलं. ओल्या गोणपाटाचा, उंदरांच्या लेंड्यांचा आणि आणखी कसला तरी गोडसर, कुजका भपकारा आला.

"पाय जपून ठेवा, ताई. उंदीर मेलाय कुठेतरी. दोन दिवस शोधतोय, सापडेना."

"या वासात मुलांना बसवायचं?"

"मी कोण सांगणारा?" मामा ओशाळले. मग हळूच म्हणाले, "बाहेरून कडी लावायला सांगितलंय मोठ्या बाईंनी. मी नुसतं दार लोटतो. कडी गंजलीय म्हणेन."

मोडक्या बाकांच्या मधे अकरा मुलं दाटीवाटीने बसली. दाराच्या चौकटीत चिरडलेली पाल वाळून कागदासारखी झाली होती. एकाने ती काडीने खरवडायला सुरुवात केली. बाईंनी त्याचा हात धरला.

एका मुलाला सगळा वर्ग रेडिओ म्हणायचा, कारण तो बंद होत नसे. त्याने सुरू केलं. "बाई, आम्ही ढ आहोत म्हणून इथे बसवलंय ना?"

"कोण म्हणालं असं?"

"तिसरीच्या बाई. म्हणाल्या, ढ असतील ते एका बाजूला व्हा. सगळ्यात आधी मीच झालो!"

पुढचे दोन दात मोठे असलेली एक मुलगी होती, खारूताई. ती फारशी बोलायची नाही. नाक बाहीला पुसत तिने विचारलं, "मग बाई, तुम्ही का इथे?"

कुणीतरी फिसकन हसलं. रेडिओने तिला कोपर मारलं. "गप गं. बाईंना पण ढ केलंय."

त्या वासाची, त्या बाहीवरच्या शेंबडाची, मोठ्या बाईंच्या गोळीची, सगळ्याची बाईंना एकदम किळस आली. आणि सगळ्यात जास्त स्वतःची. कारण मुलगा काही खोटं बोलला नव्हता.

वेळ जावा म्हणून त्यांनी पालथ्या घातलेल्या बाकाच्या धुळीत बोटाने लिहिलं, बत्तीस वजा सात. "एकेकाने बोटानेच करा. आवाज न करता."

दोघांनी काहीच लिहिलं नाही. नऊ जणांनी लिहिलं, पस्तीस. हे पस्तीस बाईंच्या ओळखीचं होतं. पाच महिने त्याच्यावर फुल्या मारून त्यांची शाई संपली होती. आज मात्र हातात पेन नव्हतं. खाली धूळ होती आणि समोर खारूताईचं काळं झालेलं बोट.

"हे पस्तीस कसं आलं, सांग बरं?"

"सातातून दोन गेले, पाच. तीन तसेच."

"पण सात तर खाली आहेत ना? दोनातून सात काढायचेत."

खारूताईने मान वर केली. आता बाईच चुकतायत असा तिचा चेहरा झाला. "मोठ्यातून लहान काढायचं, बाई. तुम्हीच सांगितलंत."

"मी?"

"हो! पहिल्याच दिवशी!" तीन-चार जण एकदम बोलले. "फळ्यावर चौकट करून!"

रेडिओ उभा राहिला, हात मागे बांधले आणि हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणाला, "वजाबाकीत नेहमी मोठ्यातून लहान जातं. हे आयुष्यभर विसरायचं नाही हं, मुलांनो!"

सगळे हसले. बाईंना हसू आलं नाही. त्यांना ती चौकट दिसली, पिवळ्या खडूने काढलेली. त्या दिवशी घाई होती, घंटा होत आली होती, पहिलं सोपं वाक्य सुचलं ते त्यांनी ठोकून दिलं होतं. बाकीच्या चाळीस जणांना घरी कुणी आई, काका, ताई होती, तिथे ते वाक्य दुरुस्त झालं. या अकरा जणांकडे चुकीचं सांगायला आणि बरोबर सांगायला एकच माणूस होतं.

आणि त्या माणसाने स्वतःचीच चूक यांच्या वह्यांत पाच महिने लाल शाईने खोडली होती. घाण दुसऱ्याच्या अंगाला पुसावी तसं झालं होतं हे. पण त्याच वेळी बाईंना आणखी एक गोष्ट कळली, आणि ती त्यांनी झटकून टाकायचा प्रयत्न केला तरी जाईना. आपण जे बोलतो ते यांच्यापर्यंत पोचतं. अक्षर न अक्षर. आवाजाच्या चढउतारासकट.

"मी चुकीचं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

बाई असं म्हणतात हे मुलांना ठाऊक नव्हतं.

"मग आता विसरायचं का, आयुष्यभर?" रेडिओने विचारलं.

"हो. आत्ताच विसरायचं."

फळीवर खडूंची जुनी पाकिटं होती, एकेकात दहा खडू. बाईंनी त्यावरच्या लेंड्या कागदाने झटकल्या आणि तीन पाकिटं आणि दोन सुटे खडू खारूताईसमोर ठेवले. "हे बत्तीस. यातले सात मला दे."

तिने दोन सुटे दिले. मग थांबली. पाकिटांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "फोडू?"

"तुझं तू ठरव."

नियम सांगायला बाईंची जीभ वळवळत होती. त्यांनी ती दाताखाली धरली. खारूताईने पाकीट फाडलं, पाच खडू मोजून दिले, उरलेले पुन्हा पुन्हा मोजले. दोन पाकिटं आणि पाच. तिचे ओठ हलले, आणि मग ती इतक्या जोरात ओरडली की छताची धूळ पडली. "पंचवीस! बाई, पंचवीसच राहतात! पस्तीस कसे राहतील, आधीच बत्तीस होते!"

"मला! बाई, मला पण!" अकरा जण खडूंवर तुटून पडले.

दार उघडलं. मोठ्या बाई होत्या. "काय चाललंय? साहेब शेजारी तुमच्या वर्गात बसलेत! गुपचूप बसायचं ठरलं होतं ना आपलं?"

"तुमचं ठरलं होतं, मोठ्या बाई. मी कुठे काय म्हटलं होतं?" आवाज कडू नव्हता, नेहमीसारखाच हळू होता. "चला रे, मुलांनो. आपल्या वर्गात."

"बाई, कायम व्हायचंय ना तुम्हाला?"

व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. पण त्या खोलीत आणखी एक मिनिट बसलो तर हा वास जन्मभर अंगाला राहील, असं बाईंना वाटलं, आणि त्या चालू लागल्या.

वर्गात तिसरीच्या बाई रंगीत काड्या घेऊन उभ्या होत्या आणि चाळीस हात एकाच वेळी वर जात होते, दोरी ओढल्यासारखे. साहेब चहावरची साय बोटाने काढून बशीच्या कडेला पुसत होते.

"ही मुलं कोण?"

"चौथीचीच आहेत, साहेब. माझी. हजेरीत गैरहजर लावलेली."

"ताप आहे ना यांना?"

"ताप नाही. वजाबाकी येत नव्हती. मीच चुकीची शिकवली होती, पाच महिने."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. एका मुलाला फळ्यावर एकसष्ट वजा आठ घातलं. ज्या दोघांनी मघाशी काही लिहिलं नव्हतं, त्यातलाच तो. त्याने सदुसष्ट लिहिलं. मागे कुणीतरी खिदळलं. मग खारूताई न बोलावता उठली, बोटांवर पुटपुटत राहिली आणि त्रेपन्न लिहून खाली बसली.

"हे दुसरीचं गणित आहे, बाई," साहेब म्हणाले.

"हो. त्याला अजून एक-दोन दिवस लागतील."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मोठ्या बाईंना म्हणाले, "हजेरीचं काय ते मला लेखी द्या. आणि यांना एवढ्यात कायम नको. आणखी एक वर्ष बघा." कप तसाच ठेवून ते जेवायला गेले.

"झालं समाधान?" मोठ्या बाईंनी गोळी कचकन चावली. "एक वर्ष घालवलंत. शिवाय मलाही गोत्यात आणलंत."

एक वर्ष आणखी, असं चौथीच्या बाईंनी मनाशी म्हणून पाहिलं. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. मोठ्या बाई गेल्या. तिसरीच्या बाई काड्या गोळा करून खाली मान घालून गेल्या. एक्कावन्न मुलं एकदम बोलायला लागली.

त्या गोंगाटात रेडिओ टेबलाशी आला. "बाई, शंभरातून एक कसा काढायचा? त्यात सुटं तर काहीच नसतं."

बाईंनी तोंड उघडलं. एक सोपं, चटकन सांगण्याजोगं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी आवंढ्यासारखं गिळलं.

"तुला कसं दाखवायचं ते मला अजून सुचत नाहीये," त्या म्हणाल्या. "बस इथे. आधी तू सांग, तुला काय वाटतं?"