अलिझाच्या नावाचं पत्र

मित्रांनो, मी गुलटेकडीच्या एका शाळेतला जुना संगणक आहे. आता अडगळीच्या खोलीत असतो. अंगावर फुलाफुलांचं कापड, आणि दिवसभर डुलक्या. डुलकीत मला अजून कळफलकावर चालणारी बोटं ऐकू येतात.

२००३ साली मी आलो तेव्हा काय थाट होता माझा! स्वतंत्र खोली, पंखा, पडदे. दारावर पाटी : 'चपला बाहेर काढाव्यात. अक्कल आत आणावी.' पहिली सूचना सगळे पाळत.

सातवीतली अलिझा माझी लाडकी. बोलताना ती अडखळायची, शब्द ओठांशी अडून बसायचे. पण माझ्यासमोर बसली की बोटं कशी झुळझुळ चालायची! मला तर ढगांवरून तरंगल्यासारखं वाटायचं. "हिच्याइतकं भरभर वर्गात कुणीच लिहीत नाही," असं संगणकाच्या हेमाबाई म्हणाल्या आणि अक्षताच्या पोटात दुखलं. तोवर पहिला नंबर तिचा होता ना!

बाईंनी सगळ्यांना ईमेलचं खातं उघडून दिलं होतं. पासवर्ड काय, तर ज्याचा त्याचा हजेरी क्रमांक! विसरायला नको म्हणे. रोज हजेरीला अख्ख्या वर्गाचे पासवर्ड मोठ्याने पुकारले जात. धन्य ते शहाणपण!

एका दुपारी अक्षताने अलिझाचा क्रमांक टाकला आणि तिच्याच नावाने वर्गातल्या चाळीसही जणांना पत्र धाडलं : "मी अ-अ-अलिझा. मला ब-ब-बोलता येत नाही. मला हसा." मी ओरडलो असतो हो, पण मला कुठली जीभ!

दुसऱ्या दिवशी अलिझाने पत्रपेटी उघडली. उत्तरांत नुसता खिदळाट. तिने हात मांडीवर घेतले आणि तास संपेपर्यंत तशीच बसून राहिली. त्यानंतर ती आलीच नाही. तिच्या आई, रशीदाभाभी, बाईंना भेटून गेल्या. "पोरगी शाळा सोडते म्हणते, बाई. कारण सांगत नाही." माझा जीव तीळतीळ तुटत होता.

खंडेनवमीला शाळेत आम्हा यंत्रांची पूजा होत असे. बाईंनी अक्षताला पुढे बोलावलं. तिने हळदकुंकवाचं बोट माझ्यापाशी आणलं आणि तसंच मागे घेतलं.

"बाई, याला नमस्कार कसा करू? अलिझाच्या नावाचं ते पत्र मी यावरूनच पाठवलं," म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

बाई ओरडल्या नाहीत. "असले पासवर्ड दिले ही माझी चूक. पण अक्षता, लिहिणारे हात तुझे होते." संध्याकाळी त्या तिला घेऊन अलिझाच्या घरी गेल्या.

सोमवारी अलिझा आली. दप्तर पाठीवरच होतं.

"म-माफ नाही करणार," ती अक्षताला म्हणाली. "आधी सगळ्यांना ख-खरं लिही."

अक्षता बसली. एकेकाला वेगळं पत्र, खाली स्वतःचं नाव. अलिझा शेजारी उभी राहून पाहत होती. चाळिसावं पत्र गेलं तेव्हा तिने दप्तर खाली ठेवलं.

मित्रांनो, तुम्हाला कुणी असं छळलं तर ते लिहिलेलं पुसून टाकू नका, एकट्याने सोसू नका. मोठ्या माणसाला दाखवा. पासवर्ड जिवलगालाही सांगू नका. आणि कुणाला टोचणारं काही लिहायला बसलात, तर माझं एवढं ऐका. कळ दाबली की अक्षर उमटवणं मला भागच होतं. तुम्हाला थांबता येतं.